मस्टर्ड गॅस: पहिली दोन मिनिटं आणि पुढची चाळीस वर्षं



तापलेल्या तव्याला बोट लागलं की ते आपोआप मागे येतं. आपण विचार करायच्या आधीच हात बाजूला होतो. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे. ती वाजते म्हणून आपण वाचतो.

आज मी अशा एका विषाबद्दल लिहिणार आहे, जे अंगावर पडलं तरी ही घंटा वाजत नाही. माणूस चहा पितो, गप्पा मारतो, झोपीही जातो. काही तासांनी डोळे चुरचुरू लागतात, अंग लाल होतं, मोठमोठे फोड येतात. तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या विषाचं नाव मस्टर्ड गॅस.

तुम्ही म्हणाल, युद्धातल्या विषाशी आपला काय संबंध? संबंध आहे. अंगावर घातक रसायन पडल्यावर काय करायचं, हे वैद्यकशास्त्राला ज्या विषांनी शिकवलं त्यात याचा क्रमांक फार वरचा आहे. आणि हे ज्ञान ज्यांच्या कातडीवर मिळवलं गेलं, त्यांत आपले हिंदी शिपाईही होते. म्हणून हा इतिहास आपण वाचायला हवा.

नाव मोहरीचं, पण मोहरी नाही

मस्टर्ड गॅसमध्ये मोहरी नसते आणि तो खरं तर वायूही नाही. तो तेलकट द्रव आहे. अशुद्ध स्वरूपात पिवळसर तपकिरी दिसतो, आणि त्याला लसणासारखा किंवा मोहरीसारखा उग्र वास येतो. त्यावरून हे नाव पडलं. त्यात गंधक आणि क्लोरीन असतं. साधारण १४ अंश सेल्सिअसच्या खाली तो गोठतो आणि २१७ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे थंड रात्री तो मातीवर, गवतावर, कपड्यांवर पडून राहतो आणि ऊन तापलं की त्याची वाफ होऊ लागते.

फ्रेडरिक गथ्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६० मध्ये हा पदार्थ तयार केला, तेव्हाच त्याने कातडीवर फोड येतात हे नोंदवलं होतं. १८८६ मध्ये जर्मनीच्या व्हिक्टर मायरने तो बऱ्याच शुद्ध स्वरूपात बनवला. पुढची तीस वर्षं तो प्रयोगशाळेतली एक नोंद बनून राहिला.

मग पहिलं महायुद्ध आलं. १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन तोफांनी ब्रिटिश सैन्यावर वेगळ्याच प्रकारचे गोळे टाकले. त्याआधी क्लोरीन आणि फॉस्जीन वापरले गेले होते. त्या वायूंनी जीव गुदमरायचा, क्लोरीन तर लगेच कळायचा, शिपाई तोंडावर मुखवटा चढवायचे. या वेळी फारसं काही जाणवलं नाही. थोडा वास, काहींना शिंका, एवढंच. अनेकजण झोपून गेले. पहाटे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं, पापण्या सुजून मिटल्या. काखेत, जांघेत, मानेवर फोड आले. पुढच्या तीन आठवड्यांत चौदा हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक रुग्णालयांत दाखल झाले.

जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १९१८ मध्ये आघाडीवर पाहिलेलं दृश्य पुढे एका प्रचंड मोठ्या चित्रात उतरवलं. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले शिपाई, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, अशी ती रांग आहे. त्यातल्या बहुतेकांची दृष्टी काही दिवसांनी परत येत असे. मस्टर्ड गॅसने मरणाऱ्यांचं प्रमाण तसं कमी होतं, शंभरात दोन-तीन. पण प्रत्येक जखमी शिपाई कित्येक आठवडे अंथरुणाला खिळायचा. सेनापतींना तेच हवं होतं.

शरीरात नेमकं काय घडतं?

हे विष तेलकट असल्यामुळे कातडीच्या वरच्या स्निग्ध थरात सहज मुरतं. कातडीवर पडलेल्या द्रवातला बराचसा भाग उडून जातो आणि एक पंचमांशाच्या आसपास आत शिरतो. आत ओलावा मिळाला की त्याच्या रेणूचं रूप बदलतं आणि तो समोर येईल त्या घटकाला चिकटतो. त्यात सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे पेशीच्या केंद्रातला डीएनए.

डीएनए म्हणजे पिळलेल्या दोराच्या शिडीसारखी रचना, हे तुम्हाला माहीत आहे. पेशीला स्वतःची प्रत काढायची असेल तर ही शिडी मधोमध उघडावी लागते. मस्टर्डचा रेणू शिडीच्या दोन्ही बाजूंना एकदम पकडून टाका घालावा तसा घट्ट बसतो. शिडी उघडत नाही आणि पेशी मरते. म्हणूनच ज्या पेशी सतत नव्या तयार होत असतात त्यांना याचा जबर फटका बसतो: कातडीचा खालचा थर, डोळ्याची बुबुळं, श्वासनलिकेचं अस्तर, आतडी आणि हाडांमधली मज्जा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रेणू चिकटण्याचं काम काही मिनिटांत उरकतं. पेशी मरून कातडीचे थर सुटायला आणि त्यात पाणी भरायला मात्र दोन ते चोवीस तास लागतात. वेदना उशिरा येते ती यामुळे. फोड दिसल्यावर धावाधाव करून झालेली इजा परत फिरवता येत नाही.

आणि या विषाला उतारा नाही. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी लुइसाइट नावाच्या आर्सेनिकयुक्त विषावर उतारा शोधला, तो जड धातूंच्या विषबाधेत आजही उपयोगी पडतो. मस्टर्डवर शंभर वर्षं संशोधन होऊनही तसा उतारा मिळालेला नाही.

धुण्याची विद्या

उतारा नाही, मग उरतं काय? विष आत मुरायच्या आधी ते काढून टाकणं.

हे पहिल्या महायुद्धातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं. जखमी शिपायाचे कपडे काढणारे मदतनीस आणि परिचारिका स्वतःच खोकू लागल्या, त्यांच्या हातांवर फोड आले. कपड्यांत अडकलेलं विष रुग्णालयाच्या उबेत वाफ होऊन पसरत होतं. मग नियम झाला: आधी बाहेरच कपडे उतरवा, साबण-पाण्याने आंघोळ घाला आणि मगच आत घ्या. अमेरिकी सैन्याने तर गरम पाण्याच्या टाक्या आणि फवारे बसवलेल्या आंघोळीच्या गाड्याच आघाडीजवळ नेल्या. जमिनीवर आणि सामानावर ब्लीचिंग पावडर टाकली जायची. तिच्यातलं क्लोरीन मस्टर्डचा रेणू मोडतं.

मात्र ब्लीचिंग पावडर कातडीलाही जाळते. पुढची काही दशकं संशोधकांचा खटाटोप होता तो कातडीला सोसेल असा पदार्थ शोधण्याचा. दुसऱ्या महायुद्धात क्लोरीन सावकाश सोडणारी मलमं आली. आणखी एक साधा पदार्थ फार कामाचा ठरला. फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती! ती विष मोडत नाही, पण तेल शोषून घेते. कातडीवर भुरभुरायची, टिपून काढायची आणि मग धुवायचं. घासायचं मात्र नाही, घासलं की विष आणखी आत मुरतं. ब्रिटिश सैन्याने या मातीची पुडकी सैनिकांना दिली. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनेही मस्टर्डच्या निर्विषीकरणावर बरंच काम केलेलं आहे.

या सगळ्या संशोधनाचं सार एका वाक्यात सांगता येतं. पहिल्या एक-दोन मिनिटांत काढलं तर कातडी वाचते, त्यानंतर प्रत्येक मिनिटागणिक फायदा कमी होत जातो. उशीर झाला तरी धुवायचंच, कारण केसांत आणि कपड्यांत राहिलेलं विष जखमीला आणि जवळच्यांना त्रास देतच राहतं.

रावळपिंडीचे शिपाई

कुठलं मलम किती चालतं, किती वाफेने किती भाजतं, हे शेवटी माणसावरच पाहिलं गेलं. इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन या रासायनिक युद्धाच्या संशोधन केंद्राने आपले शास्त्रज्ञ अविभाजित हिंदुस्थानात पाठवले. १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ रावळपिंडीच्या लष्करी केंद्रात शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग झाले. काही ब्रिटिश सैनिकही त्यात होते. एक प्रश्न असा होता की, हिंदी माणसाच्या कातडीवर हे विष गोऱ्या कातडीपेक्षा कमी परिणाम करतं की जास्त?

शिपायांना वायू भरलेल्या खोल्यांत पाठवलं जायचं. काहींच्या अंगावर फक्त सुती सदरा, अर्धी चड्डी आणि तोंडावर मुखवटा असे. १९४२ च्या एका अहवालात, भाजलेल्यांची संख्या मोठी असल्याची आणि काहींना रुग्णालयात ठेवावं लागल्याची नोंद आहे. एका शिपायाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे व चेहरा भाजला. हे कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून २००७ मध्ये वृत्तपत्रात आले, तेव्हा जगाला हे कळलं. प्रयोगानंतर त्या शिपायांचं पुढे काय झालं, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

असं फक्त इथेच झालं असंही नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे साठ हजार सैनिक अशा प्रयोगांत वापरले गेले. त्यातल्या किमान चार हजारांना बंद खोल्यांत किंवा मैदानात जास्त मात्रा मिळाली. त्यांना गुप्ततेची शपथ होती, त्यामुळे पुढे दमा, डोळ्यांचे विकार झाले तरी कित्येकांनी आपल्या डॉक्टरलाही कारण सांगितलं नाही. १९९३ मध्ये तिथल्या वैद्यकीय संस्थेच्या समितीने याचा सविस्तर अहवाल दिला.

डॉक्टर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. रुग्णाची संमती, त्याला दिलेली खरी माहिती, पुढची तपासणी, या गोष्टी आज कागदावरच्या औपचारिकता वाटतात. त्या नसतात तेव्हा काय होतं, ते रावळपिंडीत दिसतं.

बारी बंदरातली रात्र

आता या लेखातला सर्वांत क्लेशदायक भाग.

२ डिसेंबर १९४३. दक्षिण इटलीतलं बारी हे दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातलं बंदर जहाजांनी भरलं होतं. संध्याकाळी जर्मन विमानांनी हल्ला केला आणि सतरा जहाजं बुडाली. त्यात जॉन हार्वी नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज होतं. त्याच्या पोटात मस्टर्डचे दोन हजार बॉम्ब होते. जर्मनांनी विषारी वायू वापरलाच तर उत्तर देता यावं म्हणून ते गुपचूप आणलेले होते. ज्यांना हे माहीत होतं ते जहाजावरचे लोक स्फोटात मेले.

पाण्यावर इंधनाच्या तेलाचा जाड थर आणि त्यात मिसळलेलं मस्टर्ड. जीव वाचवायला उडी मारलेले खलाशी त्यात नखशिखांत माखून निघाले. रुग्णालयात त्या रात्री शस्त्रक्रियांची रांग लागली होती. ज्यांना जखम दिसत नव्हती त्यांना थंडी वाजू नये म्हणून ओल्या कपड्यांसकट ब्लँकेटात गुंडाळलं आणि गरम चहा दिला. कुठल्याही सज्जन परिचारिकेने हेच केलं असतं. पण त्यामुळे ते तासन् तास विषात गुंडाळलेले राहिले. सकाळी डोळे सुजले, अंगावर फोड उठले. काहीजण बोलताबोलता कोसळून गेले.

स्टुअर्ट अलेक्झांडर हे अमेरिकी लष्करी डॉक्टर तपासासाठी आले. वॉर्डात शिरताच त्यांना लसणासारखा वास आला. बंदरात वायू असल्याचं अधिकारी नाकारत होते. अलेक्झांडर यांनी मृत्यू झालेले खलाशी कुठल्या जहाजावरचे होते याचा नकाशा मांडला, तेव्हा ते सगळे एकाच जहाजाच्या आसपास निघाले. पाणबुड्याने तळातून बॉम्बच्या कवचाचा तुकडा वर आणला आणि शंका मिटली. मस्टर्डने बाधित झालेले सहाशेहून जास्त सैनिक आणि खलाशी रुग्णालयात होते, त्यांपैकी ८३ दगावले. बारीतले सामान्य नागरिक किती गेले याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही. चर्चिल यांच्या आग्रहाने ब्रिटिश कागदपत्रांत कारण लिहिलं गेलं: शत्रूच्या हल्ल्यात भाजणे.

विचार करा. कपडे काढा, साबणाने धुवा, हे ज्ञान १९१७ पासून होतं. ते पक्कं करण्यासाठी रावळपिंडीत माणसं भाजली होती. बंदरात पाणी आणि साबण दोन्ही होतं. कमी होती ती एका वाक्याची, की या तेलात मस्टर्ड आहे. ते वाक्य कोणी बोललं नाही.

विषातून औषध

अलेक्झांडर यांनी आणखी एक नोंद केली. मेलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. बारीच्या घटनेतूनच केमोथेरपीचा जन्म झाला, असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. पांढऱ्या पेशी घटतात हे एडवर्ड आणि हेलन क्रुम्भार या दांपत्याने १९१९ मध्येच लिहिलं होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेलं मस्टर्डचं भावंड तपासलं, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला ते टोचलं गेलं. गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी त्या परतल्या आणि डिसेंबरमध्ये तो रुग्ण गेला. पण औषधाने कर्करोग मागे हटवता येतो, हे दिसलं. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे संशोधन १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. आज वापरली जाणारी सायक्लोफॉस्फमाइड, मेल्फालान ही औषधं त्याच कुळातली आहेत.

दुसरीकडे एडिनबरोत शार्लोट आउअरबाख आणि जे. एम. रॉब्सन फळमाश्यांवर मस्टर्डची वाफ सोडत होते. प्रयोग करताना आउअरबाख यांचे हात भाजले. रसायनाने जनुकांत बदल होतात, हे त्यांनी सिद्ध केलं.

पुढची चाळीस वर्षं

जनुकांत बदल म्हणजे कर्करोगाची शक्यता. जपानच्या ओकुनोशिमा बेटावर १९२९ पासून विषारी वायूंचा गुप्त कारखाना होता. तिथल्या मस्टर्ड बनवणाऱ्या ४९५ कामगारांचा अभ्यास हिरोशिमाच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. श्वसनमार्गाच्या कर्करोगाने ३३ जण गेले होते. त्या वयोगटात एखादाच मृत्यू अपेक्षित होता. आज मस्टर्ड गॅस हा माणसात निश्चित कर्करोगकारक मानला जातो.

इराण-इराक युद्धात इराकने हे विष इराणवर पुन्हा वापरलं. २८ जून १९८७ रोजी सार्दश्त या इराणी शहराच्या वस्तीवर मस्टर्डचे बॉम्ब पडले. हजारो नागरिक बाधित झाले आणि शंभराहून जास्त दगावले. युद्धात बाधित झालेल्या सुमारे ३४ हजार इराणी लोकांची तेरा ते वीस वर्षांनी तपासणी झाली. त्यांच्यात फुप्फुसांचे विकार ४२.५ टक्के, डोळ्यांचे ३९.३ टक्के आणि कातडीचे २४.५ टक्के आढळले. फुप्फुसातल्या बारीक नळ्या आकसत जातात, जिना चढताना धाप लागते. काहींची दृष्टी बरी होऊन वीस वर्षांनी पुन्हा अधू होते. या रुग्णांना आजही प्राणवायूची नळी आणि नेत्ररोपण लागतं.

१९९७ पासून रासायनिक शस्त्रबंदीचा करार लागू आहे. भारतानेही आपल्याकडे १,०४४ टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत तो सगळा साठा नष्ट केला. समुद्रात बुडवलेलं जुनं मस्टर्ड मात्र अजून आहे. बाल्टिक समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यात त्याची ढेकळं येतात आणि हात भाजतात.

तुमच्या-माझ्यासाठी

मस्टर्ड गॅस आपल्या वाट्याला येण्याची शक्यता नगण्य. पण संडास साफ करायचं ॲसिड, कारखान्यातली रसायनं, शेतातलं कीटकनाशक ही रोजची आहेत. बरीच कीटकनाशकं कातडीतून मुरतात आणि तिथेही सुरुवातीला काही जाणवत नाही. म्हणून शंभर वर्षांचा हा धडा लक्षात ठेवा.

१. दुखायची वाट पाहू नका. रसायन सांडलं की लगेच कपडे, चपला, दागिने काढा. सदरा डोक्यावरून ओढण्यापेक्षा कापून काढा.

२. चुन्यासारखी कोरडी पूड असेल तर आधी झटका, मग भरपूर वाहत्या साध्या पाण्याने किमान वीस मिनिटं धुवा. कीटकनाशक असेल तर साबण लावा. केस आणि नखं विसरू नका. डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याची धार सोडा.

३. ॲसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू असले उपाय नकोत. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. उतारा शोधण्यात मिनिटं जातात.

४. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. १०८ ला फोन करा आणि डबा किंवा त्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्या.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा समजा. फवारणी करणारा मजूर मालकाच्या भीतीने औषधाचं नाव सांगत नाही, कामगार नोकरी जाईल म्हणून गप्प बसतो, हे आम्ही डॉक्टर पाहतो. अंगावर काय पडलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि दुसऱ्याला सांगू द्या. बारीच्या त्या ८३ जणांना याहून जास्त काही नको होतं.